नोकरी सांभाळून गोव्याच्या अर्ध-आयर्नमॅनची तयारी

गोव्यात मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ म्हणजेच अर्ध-आयर्नमॅन ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि परदेशवारीचा खर्च न परवडणाऱ्या आपल्याकडच्या हौशी खेळाडूंना घराजवळ एक मोठे उद्दिष्ट मिळाले. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, हे सारे साडेआठ तासांच्या आत पूर्ण करायचे असते. जो आज दहा किलोमीटर न थांबता धावू शकतो आणि ज्याला डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आहे, अशा नोकरदार माणसाला आठ-नऊ महिन्यांत ही तयारी करता येते. मात्र त्यासाठी आठवड्याला आठ ते दहा तास काढावे लागतात आणि ते घरच्यांशी आधी बोलूनच काढावेत.

मंगळवारी व गुरुवारी सकाळी पोहणे, बुधवारी धावणे, शुक्रवारी थोडे धावून ताकदीचे व्यायाम, शनिवारी लांब पल्ल्याची सायकल, रविवारी लांब पल्ल्याचे धावणे आणि सोमवारी पूर्ण विश्रांती, ही मांडणी बहुतेकांना जमते. यातला बराचसा सराव सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्या संथ गतीने करावा. नवख्यांना हे पटत नाही आणि ते रोज दमछाक करून घेतात. परिणामी दोन-तीन महिन्यांत गुडघा किंवा पोटरी धरते आणि पुढचे कितीतरी आठवडे वाया जातात.

सर्वाधिक काळजी पोहण्याची घ्यावी. पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू असली तरी डोके वर ठेवून पोहण्याची त्याची सवय इथे आड येते, कारण डोके वर राहिले की कंबर व पाय खाली जातात आणि पाण्याचा विरोध वाढतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे अंतराचा विचारही न करता, चेहरा पाण्यात ठेवून श्वास पाण्यातच सोडायचा आणि मान न उचलता कुशीवर वळून श्वास घ्यायचा, एवढेच प्रशिक्षकाच्या नजरेखाली घोटावे. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटांची मर्यादा असते. शंभर मीटरला तीन मिनिटे या साध्या गतीनेही १.९ किलोमीटर ५७ मिनिटांत होतात, त्यामुळे वेगापेक्षा न थांबता पोहता येणे महत्त्वाचे. पंचवीस मीटरच्या तलावात हे अंतर ७६ फेऱ्यांचे भरते. समुद्रात तळाला रेघ नसते, म्हणून दर सहा-आठ हात मारल्यानंतर डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, पाहण्याची सवय तलावातच लावून घ्यावी. पावसाळ्यात समुद्रात किंवा धरणात सरावासाठी मुळीच उतरू नये. नंतरही परवानगी असलेल्या ठिकाणीच, सोबत्यांसह आणि कमरेला रंगीत फुगा बांधूनच उतरावे.

ही स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत असल्याने सायकलचा ऐन सराव पावसात सापडतो. ओल्या घाटात उतारावर जीव धोक्यात घालण्यापेक्षा घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, दीड-दोन तास पॅडल मारावे. कंटाळवाणे वाटले तरी त्यात सिग्नल आणि उतार नसल्याने पायांना उसंत मिळत नाही. शनिवारी सायकलवरून उतरताच बूट बदलून वीस मिनिटे धावावे, कारण जड झालेल्या पायांनी पहिले दोन किलोमीटर कसे काढायचे हे त्याच वेळी शिकता येते.

गोव्याच्या दमट उकाड्यात खाण्यापिण्याचा हिशेब चुकला की पायांत बळ असूनही माणूस थांबतो. तासभराच्या धावण्याआधी आणि नंतर वजन करावे. घटलेले एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम, त्यात मध्ये प्यालेले पाणी मिळवावे. त्या अंदाजाने मीठ-साखरेचे पाणी आणि दर तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. केळी, खजूर, राजगिऱ्याची वडी यांपैकी पोटाला काय मानवते ते शनिवारच्या सायकलवरच ठरवावे.

कंटाळा सर्वांनाच येतो आणि त्यावर सोबतीइतका खात्रीचा उपाय मला दुसरा दिसत नाही. पहाटे तलावावर कोणी आपली वाट पाहत असले की अंथरुणातून उठणे सोपे जाते. त्याहून टिकाऊ प्रेरणा मात्र प्रगती डोळ्यांना दिसण्यात असते: चाळिशीत नव्याने पोहायला शिकणारा माणूस एक फेरी मारून दम लागण्यापासून सलग अर्धा तास पोहण्यापर्यंत येतो, तेव्हा त्याला पदकाची आठवणही राहत नाही. यासाठी रोजचे अंतर, झोप आणि थकवा वहीत लिहून ठेवावा आणि सलग दोन दिवस झोप अपुरी झाली, तर तिसऱ्या दिवशीचा सराव निःसंकोचपणे रद्द करावा.