सोसायटीचं पाणी मोजायचं कसं आणि परत वापरायचं कसं

पुण्यात उन्हाळा आला की कितीतरी सोसायट्यांत टँकर सुरू होतात, पण टँकर बोलवायच्या आधी आपलंच पाणी कुठे जातंय ते बघा ना. सुरुवात मीटरपासून करा, महापालिकेच्या लाइनवर एक, बोअरवर एक आणि प्रत्येक विंगच्या टाकीच्या आउटलेटवर एक, पल्स आउटपुटवाले (ठरावीक पाणी गेलं की एक विजेचा सिग्नल देणारे) घेऊन डेटा लॉगरला, म्हणजे आकडे नोंदवून पुढे पाठवणाऱ्या डब्याला, जोडले की रीडिंग मोबाइलवर येतं. मग विंगच्या मीटरचे रात्री २ ते ४ चे आकडे बघायचे, त्या वेळी सगळे झोपलेले असतात, तरी पाणी सतत वाहताना दिसलं तर कुणाचा तरी फ्लश गळतोय नाहीतर पाइप लीक आहे असं समजा. एवढं एकच केलंत तरी खूप कळतं, खरंच.

टाकीत पाण्याची पातळी मोजणारा लेव्हल सेन्सर लावून पंपाला जोडा, म्हणजे टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो. बेसमेंटमध्ये वायफाय नीट पोचत नाही, तिथे लोरावाला (कमी विजेवर लांबपर्यंत रेडिओ सिग्नल पाठवणारा) सेन्सर बरा.

आता एसटीपी, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. माणशी रोज १३५ लिटरचा हिशोब धरतात, त्यातले ४५ फ्लशचे, तिथे पिण्याचं पाणी कशाला ओतायचं? ट्रीट केलेलं पाणी वेगळ्या लाइनने द्या, पाइपला वेगळा रंग द्या आणि ती लाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडलेली नाही हे स्वतः उभं राहून तपासून घ्या, यात अजिबात हयगय नको. पाण्याला वास येत असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारं यंत्र, बघा, वीजबिल वाचवायला तो बंद ठेवला की जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही आणि पाणी सडतं. जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरी लाइन नसेल तर निदान बागेला तरी वापरा.