हातातल्या लिनक्स डिव्हाइसच्या मेमरी कार्डाचा वेग वाढवायचाय? कर्नलमध्ये कुठे हात घालायचा ते सांगतो

गेम लोड व्हायला वेळ, अपडेट टाकलं की सगळं अडकून बसतं, मग आपण कार्डावर राग काढतो आणि नवीन घेतो आणि तरी वेग तेवढाच. माझं असंच झालं, दोन कार्डं बदलून झाल्यावर लक्षात आलं की कार्ड बिचारं चांगलंच होतं, कर्नलच (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअरशी बोलतो) त्याच्याशी जुन्या, हळू मोडमध्ये बोलत होता. म्हणून कस्टम कर्नल बनवायच्या आधी एक फाइल उघडून बघा, अर्धं काम तिथेच होतं.

त्याच्याही आधी कार्डाची पूर्ण इमेज दुसरीकडे काढून ठेवा. आणि प्रयोग मूळ कार्डावर करूच नका, त्याची कॉपी दुसऱ्या कार्डावर घ्या आणि त्यावरून बूट करा, कारण वेग वाढवताना चुकलं तर फाइलसिस्टमच खराब होते आणि ते लगेच कळतही नाही.

आता ती फाइल. रूट होऊन सिसच्या आत कर्नल, त्यात डीबग, त्यात 'एमएमसी०' असा फोल्डर असतो आणि त्यात आयओएस नावाची फाइल, ती कॅट कमांडने वाचा (डिव्हाइसमध्ये ईएमएमसी म्हणजे बोर्डावरच बसवलेली स्टोरेज चिप किंवा दुसरा स्लॉट असेल तर आकडा १ किंवा २ असू शकतो). डीबग फोल्डर रिकामा दिसला तर डीबगएफएस माउंट करून घ्या. आयओएस फाइलमध्ये क्लॉक, बस विड्थ (एकाच वेळी किती बिट जातात), टायमिंग स्पेक आणि सिग्नल व्होल्टेज दिसतं. क्लॉक ५ कोटी हर्ट्झ म्हणजे ५० मेगाहर्ट्झ, टायमिंग २ म्हणजे एसडी हाय स्पीड आणि व्होल्टेज ३.३० असं दिसलं तर तुमची मर्यादा तिथेच ठरली. हिशोब सरळ आहे, ४ बिटची बस, ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हातात २२-२३ पडतात. कार्डाच्या पाकिटावर काहीही छापलेलं असू दे, याच्या वर जाणार नाही. याउलट टायमिंग ६ म्हणजे एसडीआर१०४, क्लॉक २०८ मेगाहर्ट्झपर्यंत, व्होल्टेज १.८०, तिथे छत १०४ मेगाबाइटचं. मधे एसडीआर५० आणि डीडीआर५० आहेत, दोघांचं छत ५०. आणि पाकिटावर १७० वगैरे लिहिलेलं असतं ते कंपनीच्या स्वतःच्या खास रीडरमध्ये मिळतं, साध्या यूएचएस-१ (एसडी कार्डाचे वेगवान मोड) स्लॉटमध्ये नाही, त्या आकड्याच्या मागे लागू नका.

आयओएसमध्ये आधीच ६ आणि १.८० दिसत असेल तर पुढचे काही परिच्छेद सोडा आणि थेट शेड्युलरच्या (वाचण्या-लिहिण्याचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग) भागावर जा.

हाय स्पीडवर अडकलेलं असेल तर बहुतेक वेळा उत्तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणारं वर्णन) असतं, कर्नलच्या सी कोडमध्ये नाही. त्यामुळे पूर्ण कर्नल लगेच कंपाइल करायची गरजही नाही, आधी आहे तीच डीटीबी फाइल (त्या ट्रीचं कंपाइल केलेलं रूप) डीटीसी या तिच्या कंपाइलरने उलट सोर्समध्ये आणा, एमएमसीचा नोड शोधा आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा. बस विड्थ ४ हवी (चुकून १ असेल तर वेग सरळ चौथाईवर येतो), मॅक्स फ्रिक्वेन्सी किती दिलीय ते बघा, यूएचएस एसडीआर५० आणि एसडीआर१०४ च्या ओळी आहेत का बघा, आणि 'नो १-८ व्ही' अशी ओळ आहे का तेही. ती ओळ असेल तर लगेच उडवू नका, थांबा. ती कुणीतरी कारणाने टाकलेली असू शकते.

कारण असं की यूएचएसच्या वेगासाठी सिग्नलचं व्होल्टेज ३.३ वरून १.८ ला उतरवावं लागतं आणि ते उतरवणारा रेग्युलेटर बोर्डावर असावा लागतो, ट्रीमध्ये त्याला व्हीक्यूएमएमसी सप्लाय म्हणतात. तुमच्या बोर्डावर ती लाइन ३.३ ला कायमची जोडलेली असेल तर कर्नलमध्ये काहीही लिहा, होणार नाही. आणि त्याच लाइनवर दुसरी एखादी चिप असेल तर १.८ ला उतरवल्यावर ती चिप गडबडते. त्यामुळे स्कीमॅटिक मिळत असेल तर ते आधी बघा, ट्रीमध्ये खोटं लिहून रेग्युलेटर १.८ देतोय असं भासवू नका.

सगळ्यात जास्त वेळ माझा जिथे गेला ते सांगतो, कारण हे कुणी आधी सांगत नाही. एसडीआर१०४ चालू झालं, वेग मस्त, मी खूश, आणि मग रीबूट केलं तर काळी स्क्रीन. पॉवर बटण दाबून पूर्ण बंद करून चालू केलं की नीट बूट होतं, पुन्हा रीबूट केलं की पुन्हा काळी. झालं असं होतं की कार्ड एकदा १.८ व्होल्टला गेलं की त्याचा पॉवर पूर्ण तुटल्याशिवाय ते परत ३.३ ला येत नाही, आणि रीबूटमध्ये कार्डाचा पॉवर चालूच राहतो, मग बूटरॉम (चिपमधला सगळ्यात आधी चालणारा कोड) ३.३ ने बोलतो आणि कार्ड उत्तरच देत नाही. उपाय म्हणजे कार्डाला पॉवर देणारा व्हीएमएमसी रेग्युलेटर ट्रीमध्ये 'ऑलवेज ऑन' ठेवायचा नाही, त्याचा जीपीआयओ (त्याला चालू-बंद करणारी पिन) नीट द्यायचा, म्हणजे रीबूटच्या वेळी कर्नल त्याला बंद करू शकतो. बोर्डावर तसा स्विचच नसेल तर दोनच पर्याय, रीबूटऐवजी नेहमी पूर्ण शटडाऊन करा किंवा ३.३ वरच समाधान माना. गेम खेळायच्या डिव्हाइसवर मी पहिला पर्याय आनंदाने घेईन, पण जे डिव्हाइस स्वतःहून रीबूट होतं त्यावर नाही.

मोड बदलल्यावर डीमेसेज (कर्नलचे संदेश) वाचाच. ट्यूनिंग (कार्डाशी वेळ जुळवणं) फेल झालं असं दिसलं किंवा उणे ८४ चे एरर यायला लागले तर तारेवर बिट बिघडतायत, सीआरसी (डेटा नीट आला का ते तपासणारा आकडा) जुळत नाही. उणे ११० म्हणजे टाइमआउट. अशा वेळी लगेच हार मानू नका, मॅक्स फ्रिक्वेन्सी २०८ वरून १५० किंवा १०० मेगाहर्ट्झवर आणा, मोड एसडीआर१०४ च राहतो फक्त क्लॉक उतरतो, आणि १०० वर सुद्धा ५० मेगाबाइटचं छत मिळतं, म्हणजे आधीच्या दुप्पट.

आता खरा कस्टम कर्नल कधी लागतो? जेव्हा शेड्युलर किंवा फाइलसिस्टम तुमच्या कर्नलमध्ये बांधलेलंच नसतं. प्रोकमधली कॉन्फिगची जीझेड फाइल असेल तर ती उलगडून डॉट-कॉन्फिग म्हणून घ्या, शून्यापासून सुरू करू नका, मग ओल्डडेफकॉन्फिग चालवा, म्हणजे नव्या पर्यायांना डिफॉल्ट किंमत मिळते. लोकल व्हर्जनमध्ये स्वतःचं नाव टाका म्हणजे नवे मॉड्यूल (कर्नलचे वेगळे लोड होणारे तुकडे) जुन्यांवर जाऊन बसणार नाहीत. रूट फाइलसिस्टम कार्डावरच असेल आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी छोटी फाइलसिस्टम) नसेल तर एमएमसी ब्लॉक, होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर, त्याला लागणारे रेग्युलेटर आणि फाइलसिस्टम हे सगळं मॉड्यूल म्हणून नाही, आतच बांधा, नाहीतर कर्नल रूट शोधत बसेल. बीएफक्यू आणि एमक्यू डेडलाइन हे शेड्युलर, एफ२एफएस ही फ्लॅशसाठीची फाइलसिस्टम आणि झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) चालू करा. कंपाइल पीसीवर एआरएम६४ च्या क्रॉस कंपाइलरने करा, हातातल्या डिव्हाइसवर तासन्‌तास जातात. आणि जुना कर्नल डिलीट करू नका, बूट मेनूत दुसरी एंट्री म्हणून राहू दे.

शेड्युलर बदलणं सोपं आहे, सिसमध्ये ब्लॉक, मग एमएमसीबीएलके०, मग क्यू, त्यात शेड्युलर नावाची फाइल. चौकोनी कंसात जे नाव आहे ते चालू आहे, दुसरं नाव लिहिलं की बदलतं, रीबूटनंतर जातं म्हणून पक्कं करायला युडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की सेटिंग लावणारी सेवा) नियम लिहा. माझं मत, मागे काहीतरी डाउनलोड चालू असताना मेनू गुळगुळीत हवा असेल तर बीएफक्यू, नुसता आकडा मोठा हवा असेल तर डेडलाइन किंवा नन. हातातल्या डिव्हाइसवर मला पहिलं महत्त्वाचं वाटतं. त्याच फोल्डरमध्ये रीड अहेड आहे, साधारण १२८ केबी असतो, तो १०२४ करून बघा. मोठ्या फाइल सलग वाचताना फरक पडतो, पण छोट्या छोट्या फाइलींच्या कामात नको तो डेटा वाचला जातो, म्हणून फार वर नेऊ नका.

मोजायचं कसं हेही तितकंच महत्त्वाचं. डीडीने एक मोठी फाइल वाचली की दुसऱ्यांदा ती रॅममधून येते आणि आपण उगाच खूश होतो, म्हणून डायरेक्ट फ्लॅग वापरा किंवा आधी कॅशे रिकामी करा. पण डिव्हाइस हळू वाटतं ते सलग वाचण्यामुळे नाही, ४ केबीच्या इकडे तिकडे पसरलेल्या वाचण्या-लिहिण्यामुळे, ते एफआयओ या वेग मोजणाऱ्या टूलने मोजा. ए१ (ॲप चालवण्यासाठीचा कार्डाचा दर्जा) लिहिलेल्या कार्डाने सेकंदाला किमान १५०० वाचणं आणि ५०० लिहिणं दिलं पाहिजे, ए२ ला ४००० आणि २०००, पण ए२ चे आकडे मिळायला कमांड क्यू आणि कॅशेचा सपोर्ट समोरच्या बाजूलाही लागतो, तो नसेल तर ए२ कार्ड ए१ पेक्षा मागेही पडू शकतं. आकडे फारच कमी आले तर एफ३ या टूलने कार्ड नकली तर नाही ना ते तपासा.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेली फाइल) नोएटाइम टाका, म्हणजे फाइल वाचली की तिची वेळ लिहिली जात नाही. पार्टिशन ८१९२ व्या सेक्टरपासून सुरू करा म्हणजे ४ एमबीच्या सीमेवर बसतं. स्वॅप कार्डावर नको, झेडरॅमवर. मोठं लिहिताना सगळं गोठत असेल तर डर्टी बाइट्सची (कार्डावर अजून न लिहिलेला डेटा) मर्यादा ३२-६४ एमबीवर आणा, मग रॅममध्ये ढीग साचून एकदम कार्डावर आदळत नाही. आणि मोजताना एकदा सीपीयू गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकून बघा, कधीकधी कार्ड वाट बघत असतं आणि सीपीयूच झोपेतून उठत नसतो.

सगळं बसल्यावर एक मोठी फाइल कार्डावर कॉपी करा, तिचा एसएचए२५६ घ्या, डिव्हाइस बंद करून चालू करा, पुन्हा घ्या. डिव्हाइस गरम झालेलं असताना, बॅटरी उतरलेली असताना असं दोन्ही वेळा करा. दोन्हीकडे हॅश जुळला आणि डीमेसेज कोरा राहिला की मगच मूळ कार्डावर नवीन डीटीबी आणि कर्नल टाका.