टेकडीवरची जुनी मँगनीज खाण वाचायची कशी

नागपूरहून जबलपूर रस्त्याने मनसरकडे निघालं की काळपट टेकड्या दिसू लागतात. इथं मँगनीज 1900 च्या सुमारापासून निघतंय. बऱ्याच खाणी आजही चालू आहेत, म्हणून जागा कोणाची ते आधी विचारा, परवानगी घ्या आणि एकट्यानं जाऊ नका. मी मार्चमध्ये जातो. झुडपं वाळलेली असतात, जमीन उघडी दिसते.

खड्ड्याकडे धावू नका. आधी टाकाऊ दगडांचा ढिगारा बघा. गडी टोपलं जवळच रिकामं करणार, त्यामुळे ढिगाऱ्याची शेपटी बहुतेक खाणीच्या तोंडाकडेच नेते. त्यातला काळा, हाताला जड लागणारा आणि बोटं काळी करणारा तुकडा मँगनीजचा. गार्नेट या तांबूस खनिजाचे बारीक दाणे असलेला दगड गोंडाइट. भूवैज्ञानिक लुईस फर्मर यांनी हे नाव गोंडांवरून दिलं.

मग उघड्या कड्यावर सुरुंगाची अर्धी भोकं शोधा, म्हणजे दारू भरायला पाडलेल्या भोकांचा स्फोटानंतर दगडात उरलेला अर्धा भाग. माझा जीव इथंच रमतो. हातोडा-पहारीनं पाडलेलं भोक किंचित वाकडं, तिकोनी असतं. यंत्राचं गोल आणि सरळ. खोली, व्यास, तिरकेपणा मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. सकाळचं तिरपं ऊन पडलं की छिन्नीचे घाव उठून दिसतात. तासभर बसा, दोन माणसं कुठं उभी राहिली असतील तेही कळतं.

बोगद्यात पाऊल टाकायचं नाही. छत कधी बसेल सांगता येत नाही, आत हवा कोंडलेली असते. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याच्या काठापासूनही लांबच राहा.

गंजलेली पहार सापडली तर उचलू नका. जिथं पडली ती जागाच महत्त्वाची.