विज्ञानाला चित्राची जोड देताय? या चुका टाळा

१५१५ साली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने लाकडी ठशासाठी गेंडा चितारला. गेंडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. हाताशी होतं फक्त वर्णन आणि दुसऱ्या कुणाचं तरी कच्चं रेखाटन. त्यामुळे अंगावर चिलखताचे पत्रे आले, मानेमागे एक जादा शिंगही उगवलं. पण चित्र इतकं देखणं, की पुढे दोनेकशे वर्षं युरोपात गेंडा असाच छापला जात राहिला. मजकुरातली चूक लोक विसरतात, चित्रातली डोक्यात ठाण मांडते.

म्हणून लेख लिहून झाल्यावर ‘इथे काहीतरी छान टाका’ म्हणत चित्रकाराला बोलावणं, ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. डीएनएचंच बघा. त्याचा नेहमीचा पीळ उजवा. मांडणी जमावी म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं, की पीळ डावा होतो. बिचाऱ्या चित्रकाराला हे सांगणार कोण? कच्चं रेखाटन होतानाच संशोधकाला शेजारी बसवा. त्याला ‘आवडलं का?’ असं विचारू नका; ‘यात खोटं काय आहे?’ असं विचारा.

रंगांबद्दल मौन पाळू नका. करोना विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, तर दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० च्या आसपास सुरू होते; इतक्या लहान गोष्टीचा रंग डोळ्यांना दिसूच शकत नाही. म्हणजे ते लाल काटे चित्रकाराने ठरवलेले. वेब अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातल्या) छायाचित्रांतही रंग नंतर दिलेले असतात: लांब तरंगांना तांबडा, आखूड तरंगांना निळा. ही फसवणूक नव्हे, पण चित्राखाली एक ओळ लिहायला काय जातं?

माकडापासून माणसापर्यंतची ती रांग मात्र सरळ काढून टाका. उत्क्रांतीला फांद्या फुटतात, रांग नसते.

उलट बाजूची चूक शास्त्रज्ञांची: सगळंच एका चित्रात कोंबणं. क्रिमियन युद्धातली परिचारिका फ्लोरेन्स नाइटिंगेल, तिच्या १८५८ च्या आकृतीतून एकच गोष्ट अंगावर येते, सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त मेले. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्सच्या २०१८ मधल्या तापमान-पट्ट्यांत तर अक्षही नाहीत; वर्षाला एक पट्टी, थंड निळ्याकडून उष्ण लालकडे. आकडे हवे असतील त्यांना वेगळा आलेख द्या.

छापण्याआधी चित्र विषयाबाहेरच्या माणसाला दाखवा, मथळा झाकून. काय कळलं ते त्याच्याच शब्दांत सांगू द्या. नुसतं ‘छान आहे’ म्हणाला, तर पुन्हा रेखाटनापासून सुरुवात करा.