थंडीत रात्री वीज गेली तर
डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात पहाटेचा गारठा चांगलाच झोंबतो. त्यात वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार-खिडक्या लावून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग, आणि झोपलेल्याला जागही येत नाही. धूर नसला तरी तो असतोच. शेगडी अंगणातच ठेवा.

शहाबादी फरशी अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाकडे बघा: खाली सतरंजी, तिच्यावर दुमडलेली वाकळ. अंगावर दोन सोलापुरी चादरी घ्या. दोन थरांत अडकलेली हवा ऊब धरते. कानटोपी, पायमोजे हवेतच.

गरम पाण्याची पिशवी दोन-तृतीयांशच भरा. उकळतं पाणी ओतलं तर रबर लवकर खराब होऊन फाटतं, तेव्हा आधी 5 मिनिटं निवू द्या. बूच लावण्याआधी पिशवी दाबून हवा काढा, टॉवेलात गुंडाळा आणि झोपण्याआधी 20 मिनिटं अंथरुणात पायथ्याशी ठेवा. तान्ह्या बाळाच्या किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्या वडीलधाऱ्यांच्या अंथरुणातून मात्र ते आडवे होण्याआधीच काढून घ्या. भाजलेलं त्यांना कळत नाही किंवा सांगता येत नाही.