उपचार घेऊन घरी परतलेला शेजारी: सोसायटीने या चुका टाळा

स्किझोफ्रेनियाचे उपचार घेऊन माणूस घरी आला, की सोसायटीतल्या भल्या माणसांनाच घाई सुटते. नुकसान त्या घाईनेच होतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पहिल्याच गणपतीत त्याला पुढे करणं. ऐरोलीच्या एका सोसायटीत अशा तरुणाच्या हाती थेट वर्गणीचं पावतीपुस्तक दिलं. दारोदारी तोच प्रश्न, "आता बरा आहेस ना?" संध्याकाळी मंडपात स्पीकरशेजारची खुर्ची. तिसऱ्या दिवशी तो खोलीबाहेर येईना. कमिटी म्हणाली, "त्याला जमत नाही." खरं तर जमलं नव्हतं कमिटीला. या आजारात एकाच वेळी कानावर येणारे आवाज गाळून एकावर लक्ष ठेवणं जड जातं, त्यात औषधांची सकाळची सुस्ती. म्हणून काम एकच द्या, वेळ ठरलेली, सोबतीला रोज तोच माणूस. दुपारी अर्धा तास दूर्वा निवडणं किंवा प्रसादाच्या पुड्या बांधणं पुरे. उत्सवानंतर बागेला पाणी घालणं. पंधरा दिवस सुरळीत गेले तरच वेळ वाढवा. आणि तो आला नाही तर "आज वाट पाहिली" हे त्याला जरूर सांगा.

दुसरी चूक जिन्यातल्या सल्ल्याची: "चांगला दिसतोस, कशाला त्या गोळ्या?" गोळ्या चालू आहेत म्हणूनच चांगला दिसतो! क्लोझापीन ही स्किझोफ्रेनियावरची गोळी ४८ तासांहून जास्त चुकली, तर जुना डोस एकदम घ्यायचा नाही. रक्तदाब घसरू शकतो, फिट येऊ शकते. डॉक्टर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवतात. गावी जाताना गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. लिथियम, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, घेणाऱ्याला निर्जळी उपासाचा आग्रह तर अजिबात नको. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या-जुलाब, हातांची जोरात थरथर, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"जेवला का हा?" असं त्याच्यादेखत आईला विचारू नका, त्यालाच विचारा.

निदान व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, समाजात राहण्याचाही.

अपंगांसाठीच्या 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्यासाठी खेटे घालू नका; तो मानसिक आजाराला लागू नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालं तर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, उपयोग होतो.

त्याचा आवाज चढला की लगेच पोलिसांना फोन नको. जिवाला धोका नसेल तर गर्दी पांगवा, एकानेच हळू बोला आणि घरच्यांना १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. तो मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो.