जनुकीय मिरगीच्या संशोधनासाठी निधी उभारताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत आजारी मुलासाठी वर्गणी काढणे नवे नाही; हाक दिली की गणेशोत्सव मंडळे, बचत गट आणि पतसंस्थांचे सभासद धावून येतात. मात्र ही सवय उपचारखर्चाची आहे, आणि संशोधनासाठी पैसे उभे करताना नेमकी तीच आड येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोन्ही कारणांचे पैसे वडिलांच्या बचत खात्यात एकत्र घेणे. मुलाला फिट थांबेना म्हणून अतिदक्षता विभागात हलवावे लागले की तेच पैसे तिकडे जातात, त्यात कोणाला दोष देता येत नाही. पण संशोधनासाठी देणाऱ्याला द्यायला हिशोब उरत नाही. म्हणून संशोधनाचे खाते नोंदणीकृत न्यासाच्या नावे, दोन सह्यांचे असावे आणि त्यांतील एक सही नात्याबाहेरची असावी. पैसे आधीच मिसळले असतील, तर खातेउतारा काढून रकमा आवाहनांच्या तारखांनुसार विभागाव्यात, शंका असलेल्या रकमेबाबत देणगीदाराला लेखी विचारावे, आणि हा सारा हिशोब मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.

दुसरी चूक एका शब्दाची आहे. पत्रकावर ‘आनुवंशिक’ असे छापले की गावात पहिले बोट आईच्या माहेराकडे जाते. ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये, म्हणजे तान्हेपणी सुरू होणाऱ्या एका गंभीर जनुकीय मिरगीत, बहुतेक मुलांतील एससीएन१ए जनुकाचा दोष नव्याने झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. त्यामुळे ‘जनुकीय’ हाच शब्द योग्य.

नुसते ‘मिरगीच्या संशोधनासाठी’ असे लिहिणेही पुरेसे नाही. शार्लोट ड्रॅव्हे यांनी १९७८ मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोमचे वर्णन केले आणि २००१ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. हे जनुक मेंदूच्या पेशींतील सोडियम मार्गाचे (सोडियम आत सोडणाऱ्या दाराचे) असल्याने, कार्बामाझेपिनसारख्या तो मार्ग रोखणाऱ्या मिरगीच्या औषधाने या मुलांच्या फिट का वाढतात, हे उलगडले. उलट एससीएन२ए जनुकाच्या, जन्मानंतर लवकर सुरू होणाऱ्या मिरगीत त्याच गटातील औषधे अनेकदा उपयोगी पडतात. एका जनुकावरचे काम दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, म्हणून मुलाच्या जनुकीय चाचणीच्या अहवालातील जनुकाचे नाव पत्रकावर असावे. मुलाचे पूर्ण नाव आणि फिट येतानाची चित्रफीत मात्र नसावी.

पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात, तो खरे तर आधी विचारायला हवा. संस्थेकडून लेखी आराखडा, नैतिकता समितीची मान्यता आणि टप्प्यांनुसार खर्च मागावा. ‘संशोधन’ म्हणून मूळपेशींच्या इंजेक्शनचे पैसे रुग्णाकडूनच मागणाऱ्यापासून दूर राहावे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणातील ५० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य ठरलेल्या आजारांच्या उपचारासाठी आहे. संशोधनाच्या हिशोबात ते धरू नये.

आखाती देशांत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची न्यासाला आलेली रक्कम मात्र ठरते, आणि ती विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही.

पत्रक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकाच दिवशी वाटावे. नाहीतर चिकोडी, अथणीकडचा कन्नड वाचणारा देणगीदार नुसता फोटो पाहून पैसे देतो आणि नंतर प्रश्न विचारतो. दोन्ही पत्रकांतील खाते क्रमांक आणि रकमा एकाच माणसाने ताडून पाहाव्यात, कारण छापखान्यात आकडे चुकतात.